एक आणि, दोन आणि

९ नोव्हेंबर, रविवार

इंग्रजीत लिहायले बसली होती. चार ओळीतच ते शाळेतल्या निबंधासारखं वाटायले लागलं, म्हणून पान फाडलं. आता जसं बोलते तसंच लिहीन.

बातमी: गिटार आली! नाशिकच्या मावसभावाची. त्यानं हौसेनं घेतली, थोडे दिवस वाजवली अन् अलमारीवर टाकून देली. बाबा कंडक्टर आहेत, त्यांची ड्युटी नाशिकच्या गाडीवर लागली तेव्हा येताना घेऊन आले. म्हणे रस्त्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, हिचं हाफ तिकीट लागते का फुल?" बाबा म्हणे, "ज्येष्ठ नागरिक आहे ती, तिले सवलत आहे." खरंच तशी आहे. जाड तार गंजेल, एक खुंटी ढिली, पोटावर ओरखडे. मले लय आवडली.

मले ब्लूज शिकायचं आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. तीन कॉर्ड, चार-चार ठोक्यांचे बारा बार, झालं. ऐकताना इतकं सोपं वाटते की वाजवताना होत नाही तं रागच येते. इंटरनेटवर एक म्हातारा शिकवते, डोक्यावर टोपी, मागं सोफ्यावर कुत्रं झोपेल. त्याचा पहिला धडा असा: पायानं सरळ मोजा, एक दोन तीन चार. मधल्या जागेले 'आणि' म्हणा. एक आणि, दोन आणि. आता हात 'एक'वर मारू नका, 'आणि'वर मारा. म्हणजे जिथं सगळे ठोक्याची वाट पाहून राह्यले तिथं रिकामं सोडायचं, अन् जिथं कोणाचं लक्ष नाही तिथं मारायचं. याले सिंकोपेशन म्हणतात.

मी केलं. हात 'आणि'वर गेला की पाय पण त्याच्या मागंमागं 'आणि'वर जाते. पाय सांभाळला तं हात परत 'एक'वर. दोघं जसे लग्नातले नवरा-नवरी, गाठ मारल्यासारखे.

आई स्वयंपाकघरातून म्हणे, "समे, कोणाच्या घरी खिळे ठोकून राह्यली वं?"

१२ नोव्हेंबर

कॉलेजातून येताना जिनिंग मिलच्या गेटपासून पार हायवेपर्यंत कापसाच्या गाड्यांची लाइन होती. ट्रॅक्टर, पिकअप, एक बैलगाडी पण. रस्त्यावर जिकडं तिकडं कापूस उडून राह्यला. एकदम डोक्यात आलं, ब्लूज पण कापसाच्याच वावरातून निघालं ना! गुलाम लोक दिवसभर कापूस वेचत अन् गात. एक जण ओळ टाके, बाकीचे उत्तर देत. म्हणजे मी मलकापूरची असून ब्लूजच्या एकदम जवळची आहे.

घरी पळत आली. आई लग्नाआधी आजीसोबत वेचणीले जात असे, तिच्या माहेरी, डोणगावकडे. मी विचारलं, "आई, तुम्ही कापूस वेचताना कोणतं गाणं म्हणत होत्या?"

आई डब्बे पुसून राह्यली होती. म्हणे, "गाणं? कंबर मोडे माय! बोंडाचे काटे बोटात जात. गाणं कायचं म्हणतं?"

"पण कोणी तरी म्हणत असन ना?"

"मालकाच्या पोराच्या रेडिओवर लागे. ते बांधावर बसे, सावलीत."

थोडी निराश झाली मी. मंग वाटलं की कदाचित तिकडचे पण काही जण असंच म्हणत असतील, अन् गाणारे वेगळेच असतील. हे टोपीवाल्या म्हाताऱ्याले विचारायले पाहिजे. त्याच्या व्हिडिओखाली कमेंट टाकली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडलं!!

सकाळी मी ओसरीत पाय आपटून राह्यली होती अन् आत आई डब्ब्याच्या भाकरी करून राह्यली होती. आईचे डब्बे जिनिंगच्या सुपरवायझर लोकांले अन् स्टेशनजवळच्या होस्टेलच्या पोरांले जातात. सगळ्यांले तिच्याच हातची ज्वारीची भाकर पाहिजे. ती पोळपाट घेत नाही. तिच्या मायची लाकडाची काठवट आहे, त्यात थापते. उजवा हात भाकर पसरवते, डावा फिरवते, अन् फिरवता फिरवता डावाही एक थाप देते. लहानपणापासून हाच आवाज ऐकून मी उठते, पण कधी नीट ऐकलाच नव्हता.

आज माह्या पाय सरळ चालू होता अन् आईचा डावा हात पायावर पडून नाही राह्यला! थोडा मागून. थाप, थाप... थप. एकदम 'आणि'वर! मी आत गेली अन् तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, हे कसं करते तू?"

"काय?"

"डावा हात. उशिरा टाकते ना तू."

ती थांबली. हात झटकला. "झोपली होती त्याच्यावर, मुंग्या आल्या." अन् मंग हसून म्हणे, "हाताखाली आलीस तं शिकशीन. दुरून काय दिसते?"

मी फोनवर रेकॉर्ड केलं. दहा वेळा ऐकलं असन. माह्या घरात ब्लूज आहे अन् मी नाशिकहून गिटार आणून राह्यली!

१८ नोव्हेंबर

दीपकले क्लिप ऐकवली. दीपक माह्या वर्गात आहे, सीझनमध्ये लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवते. म्हणे, "भारी आहे वं! कोण वाजवून राह्यलं?"

"माई माय. भाकरी थापून राह्यली."

"खोटं नको बोलू."

"जय भीम, खरंच."

त्यानं क्लिप परत लावली. मंग म्हणे, "आमच्या घरी या लयीत भाकर थापली तं आजी म्हणन, पोरगी सासरी नांदत नाही." पण क्लिप त्यानं घेतली माह्याकडून.

२९ नोव्हेंबर

लय दिवस लिहिलं नाही. इंटर्नल परीक्षा होत्या.

ठरलं: जानेवारीच्या गॅदरिंगले मी अन् दीपक ब्लूज करणार. माई गिटार, त्याचं ऑक्टोपॅड, अन् खाली आईच्या भाकरीचा आवाज लूप करून, तोच तुकडा परत परत. गाणं मीच लिहीन, मराठीत. पहिली ओळ झाली: "गाड्या उभ्या लाइनीत, कापूस गेला उडून". उत्तराची ओळ सुचून नाही राह्यली.

बाकी काही नाही. सकाळी आईनं पिठल्याची गंजी हातातून पाडली, सगळं पिठलं ओट्यावर. बाबा म्हणे लक्ष कुठं असते तुह्यं. मी ब्लाउजचे हुक लावून देले तिले, म्हणे थंडीनं बोटं आखडली. नोव्हेंबर आहे, थंडी एवढी कुठं आहे? पण तिले पहिल्यापासूनच थंडी वाजते.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी वस्तीतून कँडल मार्च निघाला. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून. कोणी बोलून नव्हतं राह्यलं, फक्त पायांचा आवाज. शेकडो पाय, पण एकत्र पडत नाहीत, थोडे पुढं-मागं. मी डोळे मिटून ऐकलं. वाटलं, एवढ्या लोकांचा एक ठोका असते तरी कुठं? कोणाच्या पायात नाही, सगळ्यांच्या मधात कुठं तरी असन.

पुतळ्याजवळ आल्यावर पाहिलं तं आईच्या एका पायात चप्पल नव्हती. तिले माहीतच नाही कधी निसटली. मी म्हटलं, "अवं, समजलं नाही तुले?" ती म्हणे, "बाबासाहेबांच्या नावानं चालून राह्यली होती, चपलेचं काय!" सगळ्या बाया हसल्या. परत जाताना सापडली, नालीजवळ.

१४ डिसेंबर, रविवार

आज दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग केलं. दीपकच्या चुलतभावाचा चांगला माइक आणला, काठवटीजवळ विटेवर ठेवला. आई म्हणे, "हे काय, भाषण करू का मी?" पण लाजली, खूष होती.

जुनं अन् नवं एकामागून एक ऐकलं. मानलं पाहिजे! आई सुधारून राह्यली! तेव्हा डावा हात थोडासाच मागं पडे, आता मस्त मोकळी जागा सोडते. एखाद्या वेळी तं सोडूनच देते, अन् ती रिकामी जागा लय भारी लागते. म्हाताऱ्याच्या तिसऱ्या धड्यात हेच आहे, न वाजवलेला ठोका ऐकणाऱ्याच्या अंगात वाजते. मी हे तिले सांगितलं. म्हटलं, "आई, तू नॅचरल आहेस. लोक वर्षं घालवतात याच्यासाठी."

आई पीठ चाळून राह्यली होती. "खरंच लय भारी वाजते का?"

"खरंच."

"मंग जाऊ दे," म्हणे.

काय जाऊ दे ते सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

होस्टेलच्या पोरांची तक्रार. भाकर एका बाजूनं जाड अन् कच्ची येऊन राह्यली. मले हसू आलं, भाकर पण ऑफबीट! आई नाही हसली. जेवली पण नाही नीट.

२७ डिसेंबर

दीपकसोबत भांडण. तीन दिवसांपासून तो कॉम्प्युटरवर लूप लावून राह्यला अन् लागूनच नाही राह्यला. म्हणे, "हे बसतच नाही. दर वेळी डावा हात वेगळीकडे पडते. एकदा थोडा मागं, एकदा लय मागं, एकदा गायबच."

मी म्हटलं, "हेच तं आहे. फील म्हणतात याले. मशीन नाही ती."

"फील असू दे ना बाप्पा. पण फीलले पण जागा असते का नाही? आमचा ताशावाला लय आडवा वाजवते, पण जिथं आडवा वाजवते तिथंच दर वेळी वाजवते. वरातीतले लोक नाचतात त्याच्यावर. काकूच्या थापीवर कोणी नाचलं तं पडन."

"तुले ब्लूज समजत नाही."

"हाव, मी खेड्यातला. काकूलेच स्टेजवर बसव मंग, काठवट घेऊन."

तो चिडवायले बोलला, पण आयडिया काय भारी आहे! आई स्टेजवर! कापूस वेचलेली माय, काठवट, अन् बाजूले मी. सगळं कॉलेज उभं राहीन.

३ जानेवारी

आई हो म्हणाली. आठवडाभर मागं लागली होती मी. बाबानंच शेवटी म्हटलं, "जा ना, धम्मशीला. मी रजा टाकतो, पहिल्या लाइनीत बसतो." आईनं बाबाकडे पाहिलं अन् मंग तिच्या हाताकडे. म्हणे, "पाहू, जमलं तं."

४ जानेवारी, रविवार

सकाळी डब्बे गेल्यावर तालीम घ्यायले बसलो. आई, मी अन् दीपक. मी टोपीवाल्या म्हाताऱ्यासारखंच सुरू केलं. त्याचा नियम आहे, आधी सरळ वाजवून दाखवा, मगच सरकवा. ज्याले सरळ येत नाही त्याचं वाकडं, वाकडं नसते, ते नुसतं चुकेल असते. मी हा नियम स्वतःवर दोन महिन्यांपासून लावून राह्यली.

म्हटलं, "आई, पहिले एकदम सरळ थाप. दोन्ही हात पायावर. मंग आपण तुह्यावालं करू."

दीपकनं पाय आपटला. आईनं थापलं. डावा मागं पडला.

"नाही नाही, सरळ. ब्लूज नको आता."

परत. परत मागं. मी म्हटलं, "आई, मस्करी नको करू ना." तिनं खालचा ओठ दातात धरला, अन् काठवटीकडे असं पाहिलं जसं सुईत दोरा ओवताना पाहते. परत थापलं. डावा हात आलाच नाही. भाकर फिरली नाही, कडेनं फाटली.

दीपकचा पाय थांबला.

मी तिचा डावा हात हातात घेतला. म्हटलं, मूठ कर. केली. उघड. बोटं उघडली, पण एक एक करून, हळू, जसं कोणी झोपेतून उठून राह्यलं. उजवी मूठ तोपर्यंत किती वेळा उघडली-मिटली.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून असन."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

आईनं हाताले लागेल पीठ पदरानं पुसलं. "तू खूष होती ना. म्हणे लय भारी वाजते. मले वाटलं, चला, बिघडेल हाताचा कोणाले तरी उपयोग झाला. अन् डब्बे बंद झाले तं परत कोण देते?"

दीपक उठून बाहेर गेला. अंगणात उगीच गाडीले किक मारत बसला.

५ जानेवारी

दोन्ही क्लिप परत ऐकल्या. नोव्हेंबरची अन् डिसेंबरची. मधात फक्त महिना आहे. अन् मी म्हटलं होतं सुधारून राह्यली.

८ जानेवारी

अकोला. सकाळच्या पॅसेंजरनं गेलो, बाबा पण. न्यूरोच्या डॉक्टर संजीवनी मॅडम लय तरुण आहेत, वऱ्हाडीच बोलतात. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तं आईचा पाय एकदम उडाला. आई म्हणे, "माय! मॅडमले लागलं असतं." मॅडम हसल्या, पण लिहून घेतलं. मंग विचारलं, "चप्पल निसटते का मावशी? हातातून भांडी पडतात? ब्लाउजचे हुक?"

आई हो म्हणे अन् मी खाली पाहे. सगळं माह्या डायरीत आहे. मीच लिहिलं, मीच वाचलं नाही.

एमआरआयमध्ये दिसलं. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी मागं सरकली अन् मज्जारज्जू दाबून राह्यली. मी विचारलं, मंग हात उशिरा काऊन पडते? मॅडमनं पेनानं मानेवर दाखवलं. म्हणे, मेंदूतून निरोप वेळेवरच निघते, पण इथं गर्दीत अडकते. पुढं किती पोचन अन् कधी पोचन, त्याचा भरवसा नाही. मी म्हटलं, "म्हणूनच दर वेळी वेगळीकडे." त्यांनी माह्याकडे पाहिलं. "बरोबर. तुले कसं माहीत?"

मी सांगितलं नाही. दीपकले माहीत होतं, रोगाचं नाव न माहीत असून.

ऑपरेशन लागन. मॅडम म्हणे आणखी थांबले असते तं पाय पण गेले असते. आता पहिलं काम म्हणजे आहे तिथं थांबवणं. हात परत किती येईन ते सांगता येत नाही, जेवढा आला तेवढा आपला. आईनं एकच विचारलं, "भाकर थापता येईन का?" मॅडम म्हणे, "पाहू मावशी."

मले डॉक्टर लोकांचं 'पाहू' आवडत नाही.

१९ जानेवारी

झालं ऑपरेशन. मानेले पट्टा आहे, वळून पाहता येत नाही, म्हणून सगळ्यांले समोर येऊन बोला म्हणते. बाबा म्हणे, "आयुष्यभर मी समोरच उभा होतो, आज दिसलो." आई हसली तं मान दुखली. मंग आम्ही हसणं बंद केलं.

डावा हात तसाच आहे. मूठ तशीच, एक एक बोट.

२४ जानेवारी

आज गॅदरिंग होतं. मी अकोल्यातच. दीपकनं एकट्यानं ऑक्टोपॅड वाजवलं अन् फोन केला. "टाळ्या पडल्या का?" विचारलं तं म्हणे, "पडल्या. पण सगळ्या 'एक'वर." मंग म्हणे, "क्लिप नाही लावली हं मी. काकूचा आवाज आहे तो, बरी झाल्यावरच लावू. नाही तं नाही लावू."

मी थँक्यू म्हटलं तं म्हणे, "इंग्रजी नको झाडू."

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी आहोत. डब्बे बंद आहेत, होस्टेलची पोरं मेसमध्ये जाऊन राह्यली. काठवट भिंतीले उभी टेकवून ठेवली आहे. आई तिच्याकडे पाहत नाही, पण ओसरीतून आत जाताना दर वेळी तिले हात लावते.

फिजिओवाल्यानं व्यायाम सांगितला, दोन्ही हातांनी मांडीवर टाळी, एकत्र. मी फोनवर मेट्रोनोम लावते. इतका हळू की दोन ठोक्यांच्या मधात चहाचा घोट होते. आई कंटाळते. "हे टिकटिक बंद कर वं, घड्याळाच्या दुकानात बसल्यासारखं वाटते."

पहिले मले वाटलं होतं की आता ताल ऐकूच नये. चार-पाच दिवस गिटारले हात नाही लावला. पण मंग समजलं की आईच्या व्यायामाचं अन् माह्यं काम एकच आहे. दोघींले सरळ पायावर बसायचं आहे. फक्त ती वाकड्याकडून येऊन राह्यली अन् मी वाकड्याकडं जाऊन राह्यली.

आता आम्ही सोबत करतो. ती मांडीवर सरळ, मी गिटारवर 'आणि'. ती चुकली की मी थांबते. मी चुकली की ती म्हणते, "हं, परत." तिले लय मजा येते मी चुकली की.

आज पहिल्यांदा माह्या पाय सुटला हातापासून! हात 'आणि'वर, पाय आपला सरळ चालून राह्यला. ओरडली मी. आई म्हणे, "झालं काय?" म्हटलं, "गाठ सुटली!" तिले काही समजलं नाही पण तीही ओरडली.

२९ मार्च, रविवार

सकाळी आवाजानंच जाग आली. वाटलं स्वप्न आहे.

आत गेली तं काठवट खाली होती. मानेचा पट्टा काढून खुंटीवर टांगेल. आईनं पीठ घेतलं होतं, एकाच भाकरीचं. मले पाहून म्हणे, "तोंड धू पहिले." पण मी तशीच बसली.

थाप. थप. थाप. थप. हळू, लहान पोराच्या पावलासारखी. डावा हात फिरवून राह्यला. बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत, करंगळी वाकेलच आहे, पण वेळेवर पडून राह्यला. सरळ. इतकी सरळ, इतकी बोरिंग लय मी आयुष्यात ऐकली नाही, अन् मले वाटलं की कोणी ती थांबवू नये. बाबा ड्युटीवर निघाले होते, दारातच उभे राह्यले, हातात तिकिटाचं मशीन अन् बॅग. त्यांची गाडी लेट झाली असन.

मी पाय आपटायले लागली, एक दोन तीन चार. आई मोजून राह्यली नाही असं दाखवत होती, पण ओठ हलून राह्यले होते.

अन् मंग डावा हात वर गेला अन् वरच थांबला.

मी तिच्या बोटांकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं. बाबा दारातून एक पाऊल आत आले. पाय मात्र माह्या चालूच होता, त्याले आता सवय झाली आहे. 'एक' गेला. हात वरच. आई माह्याकडे पाहून राह्यली, डोळे एकदम लहान करून, अन् मंग तिनं तो हात टाकला. थप. बरोबर 'आणि'वर.

"आई! मुद्दाम केलं?"

"मंग काय चुकून?" ती म्हणे, अन् भाकर तव्यावर टाकली.